पाण्याची वाट आधी, रस्ता नंतर

नव्या वसाहतीचं पावसाळी पाणी काढून द्यायचं काम हाती आलं, की मी पहिल्यांदा भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा काढते. त्यात बारमाही पाण्याच्या रेघा निळ्या असतात आणि वर्षातला बराच काळ कोरड्या राहणाऱ्या ओढ्या-ओहळांच्या काळ्या. पुण्याच्या दक्षिणेचा नकाशा पाहिला तर डोंगरातून उतरणाऱ्या अशा काळ्या रेघांचं जाळंच दिसतं. मग मी वसाहतीचा आराखडा शेजारी ठेवते. बहुतेक वेळा त्यात या रेघा नसतात. त्यांच्या जागी प्लॉट असतात, पार्किंग असतं, किंवा नऊ मीटरचा रस्ता असतो.

मी स्थापत्य अभियंता आहे. पुण्यात आणि आसपासच्या गावांत पावसाळी गटारांची आखणी करणं हे माझं रोजचं काम. नकाशानंतर मी जागेवर जाते आणि तिथं ज्यांनी शेती केली आहे अशा जुन्या माणसांना शोधते. उंड्री-पिसोळीच्या बाजूला एकदा एका आजोबांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून मला सांगितलं होतं, “बाई, पानी ह्या बांधाच्या कडंनं उतरतं. चार पावसाळं न्हाई आलं म्हून काय झालं? पाचव्याला येतंच.”

आजोबांनी जे सांगितलं त्यावरच आमचं सगळं शास्त्र उभं आहे. केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाची पावसाळी निचऱ्याबाबतची मार्गदर्शिका २०१९ मध्ये आली. मोठ्या शहरांच्या मध्यवर्ती भागातली गटारं पाच वर्षांतून सरासरी एकदा पडणाऱ्या पावसाला पुरतील अशी आखावीत, असं ती सांगते. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अशा गटारांवरून पाणी वाहण्याची शक्यता कुठल्याही एका वर्षी पाचात एक असते. प्रत्येक पावसाला पुरेल एवढी नळी कुठलंही शहर घालू शकत नाही. तेवढा पैसा नसतो आणि रस्त्याखाली तेवढी जागाही नसते. म्हणून गटार भरल्यावर उरलेलं पाणी कुठून जाणार, याचं उत्तर आराखड्यात आधीच असावं लागतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते नसतं. मग पाणी ते उत्तर स्वतः शोधतं, आणि ते तळमजल्यावरच्या एखाद्या घरात सापडतं.

एका एकराचा हिशेब

शेतजमिनीची वसाहत झाली की नेमकं काय बदलतं, ते एका एकरावर मांडून पाहू. एक एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तासाभरात ५० मिलिमीटरची जोरदार सर आली, तर एका एकरावर दोन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर.

तिथं शेत असेल तर त्यातलं बरंच पाणी जमिनीत मुरतं, ढेकळांत आणि बांधाआड अडकतं. साधारण तीस टक्के वाहून जातं असं धरलं, तर साठ हजार लिटर ओढ्याकडे निघतात. त्याच जागी छपरं, काँक्रीटचे रस्ते आणि फरशी घातलेलं अंगण आलं, की नव्वद टक्के पाणी वाहतं. म्हणजे एक लाख ऐंशी हजार लिटर. पाऊस तेवढाच, पण ओढ्यात जाणारं पाणी तिप्पट.

याहून महत्त्वाची गोष्ट वेळेची आहे. शेतातलं पाणी रेंगाळत जातं. छपरावरचं पाणी पाइपातून चेंबरमध्ये आणि चेंबरमधून नळीत काही मिनिटांत उतरतं. वरच्या सगळ्या वसाहतींचं पाणी असं झटपट निघालं, की ते खाली जवळपास एकाच वेळी पोहोचतं. त्या सरीत आमच्या एका एकरातून सेकंदाला सुमारे ५० लिटर पाणी बाहेर पडतं. असे शंभर एकर एकाच ओढ्याला जोडले तर सेकंदाला पाच हजार लिटर. ज्या मोरीखालून वर्षानुवर्षं पाणी निवांत गेलं, तीच मोरी मग अपुरी पडते. लोक म्हणतात, पाऊस वाढला. कमी वेळात जोरात कोसळणाऱ्या सरी वाढत आहेत, हे खरं आहे. पण सर तीच असती तरीही या जमिनीवरून तिप्पट पाणी आलं असतं. पावसावर आपला ताबा नाही. जमिनीचं काय करायचं, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच त्याची जबाबदारीही आपली आहे.

आंबील ओढ्याची गोष्ट

पुण्यात हे सगळं एकाच ओढ्यावर वाचता येतं. आंबील ओढा कात्रजच्या डोंगरांतून निघतो, कात्रजच्या तलावांतून पुढे पद्मावती, सहकारनगर, पर्वतीच्या पायथ्याचा भाग आणि दांडेकर पूल असा येत मुठेला मिळतो. सगळा प्रवास जेमतेम दहा-बारा किलोमीटरांचा. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी नळातून शहरात आणलं गेलं. त्याच काळात ओढ्याचा शहरातून जाणारा प्रवाह वळवण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. त्या काळच्या माणसांनीही ओढ्यात मोठा फेरफार केला होता. पण तो करताना त्यांनी पाण्याला साठायला जागा दिली: डोंगराच्या पायथ्याशी तलाव, शहराच्या तोंडाशी तळं.

नंतरच्या शहरानं यातली बरीच जागा काढून घेतली. तळं राहिलं नाही. दोन्ही काठांवर घरं आली, भराव पडले, पात्र आवळत गेलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला काही तास जोरदार पाऊस झाला आणि आंबील ओढ्यानं आपली जुनी रुंदी परत घेतली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरलं, गाड्या एकमेकींवर चढल्या. त्या रात्री पुणे शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला.

पुण्याला पुराची ओळख आहे, पण ती नदीच्या पुराची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, ती आठवण शहराच्या मनात पक्की आहे. धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल बुडणार, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. नदीच्या पुराची चाहूल काही तास आधी लागते. ओढ्याचा पूर तसा नसतो. पाणलोट लहान, उतार तीव्र, त्यामुळे डोंगरावर पडलेलं पाणी फार कमी वेळात खालच्या घरांपर्यंत येतं. भोंगा वाजवायला आणि माणसं हलवायला वेळच मिळत नाही. म्हणून ओढ्याच्या बाबतीत सावधगिरीची खरी जागा आराखड्यातच आहे.

मुंबईनं शिकवलेलं

नुसत्या नळ्या वाढवून किती साधतं, हे पाहायला मुंबईसारखं ठिकाण नाही. तिथली जुनी पावसाळी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही ओहोटी असताना, आखलेली होती. त्या हिशेबात पडलेल्या पाण्यापैकी निम्मंच वाहून येईल असं धरलं होतं. ज्या काळी मोकळी जमीन होती, त्या काळी ते योग्यच होतं. शहर भरत गेलं तसं ते गृहीतक कोसळलं. मुंबईच्या पावसाळी निचऱ्यावरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालानं क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर न्यायला आणि पडलेलं सगळंच पाणी वाहून येतं असं धरायला सांगितलं.

काम रेंगाळलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं त्या पुराचा अभ्यास केला. मिठी नदीचं पात्र किती आक्रसलं आहे हे सगळ्या राज्याला तेव्हा कळलं. पुढे हाजीअली, इर्ला, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध इथं उदंचन केंद्रं उभी राहिली. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी गटारांतून उलट आत येऊ नये आणि आतलं पाणी पंपानं बाहेर टाकता यावं, यासाठी ती गरजेचीच आहेत.

पण माझ्या दृष्टीनं मुंबईतलं सगळ्यात शिकण्यासारखं काम हिंदमाता परिसरातलं आहे. त्या बशीसारख्या खोलगट भागात पाणी साचतं आणि भरतीत ते बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा जवळच्या मैदानाखाली आणि उद्यानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या गेल्या. पावसाचा जोर असताना पाणी टाकीत घ्यायचं आणि समुद्र उतरल्यावर बाहेर सोडायचं. ज्या शहरानं शतकभर पाणी लवकरात लवकर घालवायचा प्रयत्न केला, त्याला शेवटी पाणी थोपवायला जागा करावी लागली, आणि तीही जमिनीखाली, पूर्ण बांधलेल्या वस्तीत, मोठा खर्च करून. वाढत्या शहरांना हीच जागा आज उघड्या मैदानावर, फार कमी खर्चात मिळू शकते.

एक फूट खोल मैदान

परत आपल्या एकराकडे येऊ. शेत असताना साठ हजार लिटर वाहत होतं, आता एक लाख ऐंशी हजार. जास्तीचं पाणी एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे १२० घनमीटर. एवढ्या आकाराच्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर. ही जागा आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा फक्त एक फूट खोल ठेवली, तर तिच्यात सुमारे १२० घनमीटर पाणी मावतं. वसाहतीमुळे वाढलेलं सगळं पाणी, वसाहतीच्याच मैदानात.

हा हिशेब मी बिल्डरांना, वास्तुविशारदांना, सोसायटीच्या सभासदांना पुनःपुन्हा करून दाखवते, कारण प्रत्यक्षात नेमकं उलट घडतं. उद्यान म्हटलं की खोदकामाची माती आणून ते रस्त्यापेक्षा दोन फूट उंच केलं जातं आणि भोवती कठडा बांधला जातो. शोषून घेणारी एकमेव जागा अशी पाण्याच्या आवाक्याबाहेर जाते.

खोल मैदानाची रचना साधी असते. रस्त्याच्या कडेचं पाणी कठड्यातल्या फटींतून आत येतं. मैदानाच्या तळाशी लहान व्यासाचा पाइप असतो. तो पाणी हळूहळू, शेत असताना जायचं त्याच बेतानं, ओढ्याकडे सोडतो. कडेला सांडवा असतो, म्हणजे फार मोठा पाऊस आला तर जादा पाणी ठरलेल्या वाटेनं बाहेर पडतं. पाऊस थांबल्यावर काही तासांत मैदान रिकामं होतं आणि दुसऱ्या दिवशी मुलं खेळू शकतात. डासांची भीती सगळे विचारतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा लागतो, आणि दिवसभरात कोरड्या होणाऱ्या जागेत तो तयार होत नाही. पाणी साचून राहत असेल तर बहुधा पाइप तुंबलेला असतो, आणि ते बघायची जबाबदारी कुणाची हे लिहून ठेवलेलं असावं लागतं.

इथं एक इशारा द्यायला हवा. सध्या शोषखड्डा हा सगळ्या प्रश्नांवरचा उपाय असल्यासारखा बोलला जातो. पुण्याची जमीन बेसॉल्टची आहे. कुठे मुरुमाचा चांगला थर मिळतो, तर कुठे चार फुटांवर काळा पाषाण लागतो. पाषाणात खणलेला खड्डा जुलैत एकदा भरला की भरलेलाच राहतो, आणि पुढच्या सरीला त्याचा काही उपयोग नसतो. म्हणून आधी जमीन तपासावी. खड्डा खणून त्यात पाणी ओतावं आणि ते तासाला किती उतरतं ते मोजावं. मुरत असेल तर मुरवावं. मुरत नसेल तर साठवून सावकाश सोडावं.

मैदानाच्या आधी आणि नंतरही पायऱ्या आहेत. छपराचं पाणी टाकीत घेतलं तर तेवढा भार कमी होतो. पदपथ आणि पार्किंगमध्ये सांधे मोकळे ठेवलेले ब्लॉक, खाली खडीचा थर, आणि झाडांच्या बुंध्याभोवती काँक्रीटऐवजी माती ठेवली तर रस्त्यावरचं पाणी थोडं थोडं अडतं. वसाहतीनंतर येतो ओढा. त्याला दोन्हीकडून उभ्या भिंती घातल्या की कागदावर काम नीटनेटकं दिसतं, पण पाण्याचा वेग वाढतो आणि संकट पुढच्या वस्तीकडे सरकतं. उतरते काठ, त्यावर करंज आणि उंबर, जिथं धूप होते तेवढ्यापुरत्या दगड भरलेल्या जाळ्या, आणि काठालगत पाणी पसरू शकेल असा मोकळा पट्टा हे जास्त टिकाऊ असतं. सिंगापूरनं बिशान इथल्या उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा तोडून तिथं वळणं घेत जाणारी नदी केली. २०१२ मध्ये ते उद्यान खुलं झालं. एरवी लोक काठावर बसतात, आणि पाऊस वाढला की तीच हिरवळ पात्र होते. जागेला सोन्याचा भाव असलेल्या शहरानं हे केलं आहे.

आणि यातलं काहीही देखभालीशिवाय चालत नाही. मे महिन्यात नालेसफाईच्या बातम्या येतात. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो. बांधकामाचा राडारोडा ओढ्यात टाकला जातो. सांडपाण्याच्या वाहिन्या पावसाळी गटारांना जोडल्या जातात आणि मग ओढा बारा महिने घाण वाहतो. असा ओढा लोकांना नकोसा होतो, आणि नकोशा ओढ्यावर स्लॅब टाकायची मागणी आपोआप पुढे येते. स्लॅबखालचा ओढा मग दिसत नाही, साफ होत नाही आणि तुंबला तरी कळत नाही.

वरचं पाणी, खालची घरं

हे सगळं मी तांत्रिक भाषेत बोलू शकते, पण माझ्यासाठी हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे. डोंगराजवळच्या नव्या गृहसंकुलातलं पाणी झटपट निघून गेलं, तर तिथल्या रहिवाशांना काहीच त्रास होत नाही. उलट त्यांच्या दृष्टीनं निचरा उत्तम असतो. ते पाणी पोहोचतं ते खाली, ओढ्याकाठच्या वस्त्यांत, जिथं लोक परवडणारी दुसरी जागा नव्हती म्हणून राहायला आले. पूर आला की अतिक्रमण म्हणून बोट त्यांच्याकडे दाखवलं जातं. त्यांना सुरक्षित ठिकाणी घर मिळायलाच हवं. पण वरच्या परवानगी घेतलेल्या इमारतींनी तिप्पट पाणी खाली ढकललं, त्याला कुठलाही कायदा अतिक्रमण म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की बांधकामाआधी जागेवरून जितकं पाणी जितक्या वेगानं जात होतं, तितकंच बांधकामानंतर जावं. जादा पाणी आपल्या हद्दीत थोपवण्याचा खर्च ज्यानं ते वाढवलं त्यानं करावा. पार्किंगची संख्या तपासतात तितक्याच कडकपणे हे तपासल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये.

पुण्यासाठी ही वेळ फार महत्त्वाची आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यांतल्या अनेक भागांत इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण रस्ते आणि गटारांचं जाळं अजून पूर्ण झालेलं नाही. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूरच्या कडेची गावंही याच वळणावर आहेत. अशा ठिकाणी कामाचा क्रम बदलला पाहिजे. आधी पाणलोट आणि ओढे मोजावेत, त्यांची रुंदी ठरवावी, काठाचे पट्टे आरक्षित करावेत. नद्यांना आपल्याकडे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल पूररेषा आखायची पद्धत आहे. तीच शिस्त ओढ्यांनाही लावावी. मग सखल जागी मैदानं आणि शाळांची पटांगणं ठेवावीत. आणि त्यानंतर रस्ते आखावेत, असे की गटार भरल्यावर वरून वाहणारं पाणी रस्त्याच्याच उतारानं ओढ्यापर्यंत जाईल.

आराखड्यावर हरकत घेताना

विकास आराखडा किंवा नगररचना योजना प्रसिद्ध झाली की हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते. लोक आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का तेवढं पाहतात. त्या वेळी आणखी काही गोष्टी पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या नकाशातला ओढा नव्या आराखड्यात आहे का, आणि तेवढाच रुंद आहे का? रस्त्याखालची मोरी ओढ्याच्या पात्राइतकी मोठी आहे की नळ्या टाकून भागवलंय? मैदान सखल जागी आहे की उंचावर? आपल्या वसाहतीचं पाणी शेवटी कुठल्या ओढ्याला मिळतं आणि त्याच्या खाली कोण राहतं? गाळ काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात दरवर्षी आहे का? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही. गावातल्या जुन्या माणसांना सोबत घेऊन एक पावसाळी दुपार ओढ्याकाठानं चाललं तर यातली निम्मी उत्तरं मिळतात, आणि मोबाइलवर काढलेले फोटो हरकतीला जोडता येतात.

नळीचा व्यास चुकला तर दहा वर्षांनी दुसरी नळी टाकता येते. पंप जळला तर नवा बसवता येतो. पण ओढ्याच्या पात्रावर एकदा प्लॉट पडले, सातबारा वेगळे झाले, माणसांनी आयुष्यभराची कमाई घालून घरं घेतली, की ती जागा पाण्याला परत देणं जवळपास अशक्य होतं. मग पुढच्या प्रत्येक पिढीला त्या एका चुकीच्या रेघेची किंमत मोजावी लागते. आज आपल्या शहरांच्या कडेला ओढे अजून उघडे आहेत आणि रस्त्यांच्या रेघा अजून कागदावर आहेत. त्या बदलायला खोडरबर पुरतं. हे काम याच वर्षी करायचं आहे.